भांग, गांजा आणि राज्याचा अधिकार : मिरा-भाईंदरमधील अध्यापकांच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

'गांजा आता पुष्कळ ठिकाणी कायदेशीर झाला आहे' हे विधान महाविद्यालयीन तरुणांच्या बोलण्यात अलीकडे सहज येऊन जाते. असे विधान करणाऱ्याला कोणता देश, कोणते राज्य आणि झाडाचा कोणता भाग अभिप्रेत आहे असे विचारले, तर बहुधा तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आढळते. अमेरिकेतील काही राज्यांनी प्रौढांना गांजा विकत घेण्यास दिलेली मुभा, उत्तर प्रदेश व राजस्थानातील परवानाधारक भांगेची दुकाने आणि आपल्याकडील कायद्यातील 'अल्प प्रमाण' ही संज्ञा, या त्या तीन गोष्टी होत. यांपैकी कोणतीही एक मिरा रोड किंवा भाईंदर येथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला संरक्षण देत नाही. प्रस्तुत लेखात हे असे का आहे, याचा केंद्र व राज्य यांच्यातील अधिकारविभागणीच्या अंगाने विचार केला आहे. कनिष्ठ महाविद्यालयापासून पदव्युत्तर वर्गापर्यंत शिकवणाऱ्या अध्यापकाकडे या विषयावर पहिला प्रश्न विद्यार्थ्याकडून येतो आणि पुढचा, बहुधा उशिरा, पालकाकडून येतो. दोन्ही प्रश्नांना ऐकीव माहितीवर दिलेले उत्तर महागात पडू शकते.

एक झाड, तीन नावे

भारतीय भांगेच्या झाडापासून तीन मादक पदार्थ मिळतात. मादी झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा, झाडातून स्रवणारी राळ वेगळी केली म्हणजे चरस, आणि पाने वाटून केलेली ती भांग. व्यवहारात ही तीन नावे सैलपणे वापरली जातात. कायदा मात्र त्यांच्याकडे अतिशय काटेकोरपणे पाहतो आणि पुढचे सगळे या काटेकोरपणावर अवलंबून आहे.

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (यापुढे 'केंद्रीय अधिनियम') याच्या कलम २ मध्ये चरस, गांजा आणि या दोहोंचे कोणतेही मिश्रण किंवा त्यांपासून केलेले पेय, एवढ्यांचाच समावेश 'कॅनबिस'च्या व्याख्येत होतो. गांजाची व्याख्या करताना शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया स्पष्टपणे वगळल्या आहेत. केवळ पानांपासून केलेली भांग या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहते ती या वगळण्यामुळे. ती 'परवानगी दिलेली' वस्तू नव्हे, तर केंद्रीय अधिनियमाने जिच्याविषयी मौन पाळले आहे अशी वस्तू होय. मौन आणि परवानगी यांतील हा भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानात सहसा आलेला नसतो.

पार्श्वभूमी

हे मौन अपघाताने आलेले नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गांजा व भांग यांची विक्री १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली परवानाधारक दुकानांतून होत असे आणि सरकारला तिचे उत्पन्न मिळत असे. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये या विक्रीविषयी प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय भांग आयोग नेमला गेला. त्याने देशभर सुमारे बाराशे साक्षी घेतल्या. मर्यादित सेवनाने सर्वसाधारणपणे फारशी हानी होत नाही, अतिसेवन हानिकारक आहे आणि सरसकट बंदीपेक्षा कर व परवाना यांच्याद्वारे नियंत्रण इष्ट, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. अबकारी उत्पन्नाचा हितसंबंध या निष्कर्षामागे मुळीच नव्हता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि साक्षींचा एवढा मोठा संग्रह या विषयावर पुढे क्वचितच झाला, हेही मान्य करावे लागते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकल करारात कॅनबिसची जी व्याख्या स्वीकारली गेली, तीत शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया वगळण्यात आल्या. भारतातील सणावारांशी निगडित भांगसेवनाला त्यामुळे वाट मिळाली. गांजाचे बिगरवैद्यकीय सेवन बंद करण्यासाठी त्या करारात पंचवीस वर्षांची मुदत होती. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला आणि मुदत डिसेंबर १९८९ मध्ये संपत होती. केंद्रीय अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला तेव्हा त्याच्या कलम ८ ला एक परंतुक जोडलेले होते : गांजापुरती बंदी केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासूनच लागू होईल. ती तारीख १९८९ च्या अखेरीस आली. म्हणजे चरसावरील संपूर्ण बंदी आणि गांजावरील बंदी यांच्यात चार वर्षांचे अंतर होते आणि भांगेवर केंद्रीय बंदी आलीच नाही. एका झाडाच्या तीन भागांची कायद्यातील वाटचाल ही अशी वेगवेगळी आहे.

याच दशकात महाराष्ट्रात ब्राउन शुगरचा, म्हणजे 'गर्द'चा, प्रश्न उग्र झाला होता आणि डॉ. अनिल अवचट यांच्या लेखनाने तो मराठी वाचकांपुढे आला होता. 'ड्रग' या एका शब्दाखाली हेरॉइन आणि गांजा एकत्र मोजण्याची सवय समाजाला लागली ती बरीचशी या काळात. आता त्याची प्रतिक्रिया म्हणून तरुण पिढी गांजाला 'ड्रग'च्या यादीतून मनानेच काढून टाकते. दोन्ही टोके कायद्याच्या वाचनापासून दूरची आहेत.

राज्याच्या हाती काय उरले

मादक द्रव्यांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विभागलेला आहे. मादक पेये राज्यसूचीतील आठव्या नोंदीत येतात, म्हणून दारूविषयी प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. औषधे व विषे ही समवर्ती सूचीतील एकोणिसाव्या नोंदीत आहेत. शिवाय आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी संसदेला अनुच्छेद २५३ खाली कोणत्याही विषयावर कायदा करता येतो. केंद्रीय अधिनियम या पायावर उभा असल्याने त्याच्याशी विसंगत अशी सवलत राज्य विधिमंडळाला देता येत नाही.

येथे एक शंका संभवते. केंद्रीय अधिनियमाच्या कलम १० नुसार चरस वगळता कॅनबिसची लागवड, उत्पादन, बाळगणे, विक्री व सेवन यांना परवानगी देण्याचे आणि त्यांचे नियमन करण्याचे अधिकार राज्य शासनाला दिलेले दिसतात. मग महाराष्ट्र शासन उद्या गांजाचे परवाने देऊ शकेल काय? कलम १० सुटे वाचले तर तसे वाटते. परंतु ते कलम ८ च्या अधीन आहे, आणि कलम ८ ने वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनांखेरीज सर्व व्यवहार निषिद्ध केले आहेत. राज्याला नियम करता येतात ते या दोन प्रयोजनांच्या चौकटीत. धागा व बिया यांसाठीच्या लागवडीची तरतूद कलम १४ मध्ये स्वतंत्र आहे. उत्तराखंडाने औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवाने दिले, ते याच स्वरूपाचे. त्याचा नशेच्या सेवनाशी संबंध नाही.

याउलट, कलम ८१ फारसे चर्चेत येत नाही. ते आवर्जून वाचले पाहिजे. कॅनबिसची लागवड आणि मादक द्रव्यांचे सेवन किंवा व्यापार यांवर केंद्रीय अधिनियमात नसलेले निर्बंध घालणारे, किंवा त्याहून अधिक शिक्षा सांगणारे राज्याचे कायदे या अधिनियमामुळे बाधित होत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. तात्पर्य, राज्याला अधिक कडक होता येते, सैल होता येत नाही. 'राज्यांचे गांजाविषयक कायदे' हा शब्दप्रयोग भारताच्या संदर्भात करायचा तर तो एवढ्या एकाच दिशेने खरा आहे.

महाराष्ट्राने ही दिशा दोन प्रकारे वापरलेली दिसते. पहिला प्रकार जुना आहे. पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९, म्हणजे आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, नावाने दारूचा असला तरी त्यातील 'मादक औषधी द्रव्य' या संज्ञेत भारतीय भांगेच्या झाडाची पाने, देठ व शेंडे येतात. भांग, सिद्धी आणि गांजा ही नावे तेथे घातलेली आहेत. परवान्यावाचून अशा द्रव्याचे सेवन करणे, ते बाळगणे किंवा त्याची वाहतूक करणे कलम ६६ खाली अपराध ठरते. केंद्रीय अधिनियमाने भांगेपुरती मोकळी सोडलेली जागा महाराष्ट्रात राज्याच्या कायद्याने अशी आधीपासूनच भरलेली आहे. वाराणसीतील परवानाधारक दुकानातून घेतलेली भांगेची गोळी तेथे वैध असते, परंतु तीच गोळी भाईंदर स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाच्या खिशात वैध राहत नाही. होळीला थंडाईत भांग घालण्याची चाल या शहरात आलेल्या अनेक कुटुंबांनी आपल्या गावाहून आणली आहे. या चालीवर कारवाई क्वचित होते हे खरे, पण कारवाई न होणे म्हणजे वैधता नव्हे.

दुसरा प्रकार अलीकडचा आहे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, ज्याला सर्वजण मकोका म्हणतात, अमली पदार्थांचा व्यापार आणण्यासाठीची दुरुस्ती विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये संमत केली. तिचा रोख टोळ्यांवर आहे, एकट्या सेवन करणाऱ्यावर नाही. तरीही मित्रमंडळींसाठी 'माल आणून देणारा' विद्यार्थी स्वतःला व्यापारी समजत नसला, तरी पुरवठ्याच्या साखळीतील एक कडी म्हणून तो तपासात येऊ शकतो, हे त्याला ठाऊक असलेले बरे.

प्रमाण आणि शिक्षा

शिक्षेचे मोजमाप वजनावर आहे. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे गांजाचे अल्प प्रमाण १ किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण २० किलो आहे. चरसाच्या बाबतीत हेच आकडे १०० ग्रॅम व १ किलो आहेत. कलम २० नुसार अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा सहा महिने होती. अल्प व व्यापारी यांच्या मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास व एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा व कमाल वीस वर्षे कारावास आणि एक ते दोन लाख रुपये दंड. केवळ सेवनासाठी कलम २७ आहे आणि गांजा-चरसाच्या बाबतीत त्याखालील शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही इतकी आहे. झाड लावल्यास मात्र वजन पाहिले जात नाही. गॅलरीतील कुंडीत हौसेने लावलेल्या रोपालाही लागवडीची, म्हणजे दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद लागू होऊ शकते.

'अल्प प्रमाण' ही संज्ञा ऐकताच 'तेवढे चालते' असा समज होतो. कायद्यात त्याला आधार नाही. उलट, अल्प प्रमाणाचा अपराध जामीनपात्र आहे काय, हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे दोनदा आला आणि दोनदा निरनिराळे उत्तर मिळाले. २०१० मध्ये एका निकालात तो जामीनपात्र मानला गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये न्या. सारंग कोतवाल यांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या १९९९ मधील बलदेव सिंग प्रकरणाचा आधार घेऊन, या अधिनियमाखालील सर्वच अपराध अजामीनपात्र असल्याचे म्हटले. कलम ३७ मधील अत्यंत कठोर अटी अल्प प्रमाणाला लागू होत नाहीत, त्यामुळे न्यायालय जामीन देते. पण तो पोलीस ठाण्यात हक्काने मागता येईल, असे पालकाला छातीठोकपणे सांगता येणार नाही. परीक्षेच्या हंगामात दोन रात्रींची कोठडी एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष घेऊन जाऊ शकते.

मिश्रणाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, मादक द्रव्य इतर निरुपद्रवी पदार्थात मिसळलेले असेल तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे, शुद्ध द्रव्याचे नव्हे. हे तर्कशास्त्र चरस घालून केलेल्या केकच्या तुकड्यांना लावले, तर त्यांत चरस नखाएवढा असला तरी दोन-तीन तुकड्यांचे वजन १०० ग्रॅम ओलांडते आणि प्रकरण एक वर्षाच्या शिक्षेतून दहा वर्षांच्या शिक्षेत जाते. पार्टीला असा खाऊ घेऊन जाणाऱ्याला याची कल्पना क्वचितच असते.

खोली किंवा घर यांचा उपयोग अशा कृत्यासाठी होत आहे हे माहीत असून होऊ देणारा कलम २५ खाली त्याच शिक्षेस पात्र ठरतो. एकत्र भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ज्याच्या नावे करार असतो, त्याने हे कलम वाचून ठेवावे. 'जाणीवपूर्वक' हा शब्द त्यात आहे, पण आपल्याला जाणीव नव्हती हे दाखवण्याची वेळ आरोपीवरच येते, कारण कलम ३५ मानसिक अवस्थेचे गृहीतक त्याच्या विरुद्ध उभे करते.

शेंडे की पाने?

न्यायालयात अनेक प्रकरणे वजनापेक्षा वनस्पतिशास्त्रावर फिरतात. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. भारती डांगरे यांच्यापुढे जामिनाचे एक प्रकरण आले. त्यात व्यापारी प्रमाणाचा गांजा असल्याचा आरोप होता, परंतु जप्त मालाचे वर्णन हिरवट पानांसारखा पदार्थ असे होते आणि शेंड्यांचा उल्लेख नव्हता. गांजाच्या व्याख्येत शेंडे आवश्यक आहेत आणि ते सोबत नसतील तर पाने व बिया गांजा ठरत नाहीत, असे म्हणून न्यायालयाने दिलासा दिला. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने भांग केंद्रीय अधिनियमाच्या कक्षेत येत नसल्याचे म्हणत एका आरोपीस जामीन दिला. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या २००२ मधील निर्णयाचाही आधार घेतला गेला.

या निकालांच्या बातम्या समाजमाध्यमांतून पसरल्या त्या 'पाने कायदेशीर' अशा मथळ्याने. वस्तुतः ते जामिनाच्या टप्प्यावरील, पुराव्याच्या नोंदीतील उणिवेवर आधारलेले निर्णय आहेत. पंचनाम्यात शेंडे वेगळे लिहिले असते आणि न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल तसा असता, तर चित्र पालटले असते. शिवाय महाराष्ट्रात पाने म्हणजे दारूबंदी अधिनियमातील अपराध, हा मुद्दा शिल्लक राहतोच. शिक्षेच्या दृष्टीने फरक प्रचंड आहे हे खरे. पण तो दहा-वीस वर्षांचा खटला आणि राज्याच्या कायद्याखालचा किरकोळ खटला यांतील फरक आहे, गुन्हा आणि स्वातंत्र्य यांतील नव्हे.

कायद्याच्या कठोरपणाला न्यायालयांनी मर्यादा घातल्याचे आणखी एक उदाहरण मुंबईचेच आहे. व्यापारी प्रमाणाच्या दुसऱ्या अपराधासाठी कलम ३१-अ मध्ये देहदंड अनिवार्य होता. चरसाच्या एका प्रकरणाच्या अनुषंगाने जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अनिवार्यपणा घटनाबाह्य ठरवला आणि २०१४ च्या दुरुस्तीने संसदेने तो ऐच्छिक केला.

अमेरिकेशी तुलना का फसते

कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांतील मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रौढांच्या गांजासेवनास मुभा दिली. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये तो मार्ग धरला. न्यू जर्सी, जेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तेथे २०२० च्या कौलानंतर २०२१ मध्ये कायदा झाला, आणि २०२३ अखेर अशा राज्यांची संख्या चोवीस झाली. हे सर्व घडत असताना तेथील संघराज्याचा १९७० चा कायदा गांजाला निषिद्धच मानत राहिला. मग राज्यांना हे जमले कसे?

याचे उत्तर पोलीसयंत्रणेत आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा स्वतःचा दंडविषयक कायदा असतो आणि रस्त्यावरचा पोलीस तो राबवतो. संघराज्य आपला कायदा राबवण्याची सक्ती राज्याच्या यंत्रणेवर करू शकत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. त्यामुळे राज्याने आपला बंदीचा कायदा मागे घेतला की रस्त्यावरची बंदी व्यवहारात संपते, संघीय कायदा पुस्तकात राहतो. भारतात पोलीस राज्याचा विषय असला तरी काशिमीरा किंवा नवघर पोलीस ठाण्यातील अधिकारी जो कायदा लावतो तो केंद्राचा आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून कार्यरत असलेले मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय गृह विभागाच्या, म्हणजे राज्याच्या, अधिपत्याखाली आहे. तरीही मागे घेता येईल असा राज्याचा गांजाबंदीचा मुख्य कायदाच येथे नाही. महाराष्ट्राने दारूबंदी अधिनियमातून गांजा हा शब्द उद्या वगळला, तरी अटक करण्याचा अधिकार जसाच्या तसा राहील.

परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शिफारसपत्रे देणाऱ्या अध्यापकांनी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्थलांतर हा अमेरिकेत संघराज्याचा विषय आहे. राज्याने वैध मानलेले गांजासेवन व्हिसा, प्रवेश किंवा नागरिकत्व यांच्या अर्जात प्रतिकूल ठरू शकते. २०१९ मध्ये तेथील नागरिकत्व विभागाने तशा स्पष्ट सूचना काढल्या. संघीय अनुदान घेणाऱ्या विद्यापीठांच्या आवारातही राज्याची मुभा चालत नाही. तेथे जन्मलेल्या वर्गमित्राला जे चालते ते विद्यार्थी-व्हिसावरील तरुणाला चालत नाही, आणि हे त्याला विमानात बसण्यापूर्वी कोणी तरी सांगावयास हवे.

थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मादक द्रव्यांच्या यादीतून काढला आणि जून २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट पुन्हा आणली. बँकॉकहून मुंबई विमानतळावर येणाऱ्या प्रवाशांकडून जलसंवर्धित गांजा पकडला गेल्याच्या बातम्या अलीकडे सातत्याने येतात. तिकीट व खर्च मिळतो म्हणून बॅग आणणारी तरुण मुले त्यांत असतात. येथे कलम २३ लागते आणि वजनाचे आकडे तेच राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनबिसला सर्वांत कडक अनुसूचीतून काढले तेव्हा भारताने बाजूने मत दिले होते, हे खरे आहे. परंतु त्या मतामागे औषधी उपयोगाची मान्यता होती. देशांतर्गत कायदा त्याने तसूभरही बदलला नाही.

महाविद्यालयापुढील प्रश्न

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेमार्फत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोकांनी, म्हणजे १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के व्यक्तींनी, मागील वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काही तरी घेतले होते. त्यांपैकी भांग घेणारे सुमारे २.२ कोटी आणि गांजा-चरस घेणारे १.३ कोटी होते. दोन्ही करणारे काही असल्याने बेरीज जुळत नाही. वर्गात बसलेल्या मुलांपैकी कोणीच या संख्येत नसेल असे धरून चालणे व्यवहाराला धरून नाही.

विद्यार्थ्याच्या पिशवीत संशयास्पद पुडी सापडल्यास अनेकदा ती काढून घेऊन कार्यालयाच्या कपाटात ठेवली जाते. हेतू चांगला असतो. पण झडती व जप्तीचे अधिकार कलम ४२ व ४३ ने ठरावीक अधिकाऱ्यांना दिले आहेत, अध्यापकाला नव्हे. शिवाय कपाटात ठेवलेली पुडी आता कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते त्यालाही अडचणीचा ठरतो. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल, आणि अकरावी-बारावीचे बहुतेक तसेच असतात, तर त्याचे प्रकरण बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली बाल न्याय मंडळापुढे जाते. त्याच अधिनियमाच्या कलम ७७ व ७८ प्रमाणे मुलाला मादक द्रव्य देणाऱ्यास किंवा त्याच्याकरवी विक्री करवणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून मुलाच्या हाती पुडी कोठून आली, हा प्रश्न मुलाला दटावण्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत कलम २७ लागते की कलम २०, यावर बरेच काही ठरते. कलम ३३ मुळे परिवीक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटकेचा, लाभ अठरा वर्षांवरील व्यक्तीला केवळ कलम २६ व २७ खालील अपराधांत मिळतो. खिशात थोडासा गांजा सापडून कलम २० लागले की तो मार्ग बंद होतो. सेवनाची शिक्षा बाळगण्याच्या शिक्षेपेक्षा सौम्य, आणि सेवन करणारा मनुष्य ती वस्तू क्षणभर तरी बाळगणारच. ही विसंगती कायद्यात राहून गेली आहे आणि तिचा फटका प्रथमच चुकणाऱ्याला अधिक बसतो.

उपचाराच्या मार्गातही असाच एक पेच आहे. कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतले, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली न्यायालय व्यसनी व्यक्तीला उपचारासाठी पाठवू शकते. परंतु अधिनियमात 'व्यसनी' म्हणजे त्या द्रव्यावर अवलंबित्व असलेली व्यक्ती. दोनदा कुतूहलाने ओढून पाहिलेल्या मुलाला ही व्याख्या लागू होत नाही. कायद्याची सवलत आजाऱ्याला आहे, हौशीला नाही.

ज्याला खरोखर उपचाराची गरज आहे त्याच्या पालकांना सल्ला देताना संस्थेची निवड जपून करावी लागते. महाराष्ट्रात १९८६ पासून कार्यरत असलेल्या पुण्याच्या मुक्तांगण केंद्राचे नाव सर्वांना परिचित आहे आणि १४४४६ ही केंद्र शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. पण कलम ६४-अ चा लाभ हवा असेल, तर उपचार शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने चालवलेल्या अथवा मान्यता दिलेल्या रुग्णालयात वा संस्थेत झालेले असले पाहिजेत. मिरा-भाईंदर महानगरपालिका हे असे स्थानिक प्राधिकरण होय. व्यसनमुक्ती केंद्र अशी पाटी लावलेल्या प्रत्येक जागेला मान्यता असतेच असे नाही, आणि मान्यता नसलेल्या केंद्राचे प्रमाणपत्र ठाण्याच्या न्यायालयात विद्यार्थ्याच्या कामी येत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी मान्यतेचा आदेश व त्याची मुदत पाहून त्याची प्रत घेऊन ठेवण्यास पालकांना सांगावे.